वृद्धाश्रम चांगला आहे, हे ठरवायचं कशावरून?

मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला, आणि सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये अर्धांगवायूनंतर उजवी बाजू लुळी पडलेली आई. दिवसभरासाठी ठेवलेली बाई गणपतीला गावी जाते ती परत येत नाही, दुसरी टिकत नाही, आणि मग घरात कुणीतरी दबक्या आवाजात विषय काढतं: एखादा चांगला वृद्धाश्रम बघूया का?

'बघूया' म्हणजे काय, तर आधी फोन करून रविवारी सकाळी अकराला जायचं. तोवर सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, फरशीला फिनेलचा वास असतो. मॅनेजर चहा पाजतात. तुळशीवृंदावन, विठ्ठल-रखुमाईचं छोटं देऊळ आणि टीव्हीची खोली दाखवतात. मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखंच हे. पोहे उत्तम होतात, माणसं कळत नाहीत. फिजिओथेरपीच्या कामामुळे सांगली-मिरजेतल्या अशा जागांत माझं जाणं-येणं असतं. बघायला आलेले नातेवाईक बहुतेक वेळा इमारत बघून परत जातात. आत काळजी कशी घेतली जाते ते बघायचं राहून जातं, कारण ते बघायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दारावरचा कागद काय सांगतो

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची यंत्रणा वृद्धांच्या निवासी घरांची तपासणी करते. तिथं राहणं सुरक्षित आहे का, काळजीचा उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, ज्याची त्याची गरज ओळखली जाते का आणि कारभार नीट आहे का, असे पाच प्रश्न ती विचारते. त्यावरून घराला चारपैकी एक श्रेणी मिळते आणि ती जाहीर होते. अमेरिकेत 2008 पासून नर्सिंग होमना, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या निवासी घरांना, एक ते पाच तारे दिले जातात. आपल्याकडे अशी श्रेणी वाचून आश्रम निवडायची सोय नाही.

आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा आहे. त्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यात किमान एक, दीडशे माणसं राहू शकतील असा आश्रम राज्य सरकारने उभारावा, असं म्हटलं आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात जाता येतं, ते याच कायद्याने. पण महिन्याला पैसे भरून राहायच्या खासगी आश्रमात रात्री किती माणसं कामावर असावीत, हे या कायद्यात शोधून सापडणार नाही. 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात वृद्धांच्या घरांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ते विधेयक मंजूर झालं नाही.

तेव्हा ऑफिसातल्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं नोंदणीपत्र वाचा, पण ते कशाचं आहे ते नीट बघा. बहुतेक वेळा ते धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्ट नोंदणीचं असतं. त्यावरून संस्थेला विश्वस्त आहेत आणि दर वर्षी हिशेब तपासून घेण्याचं बंधन आहे, एवढं कळतं. तुमच्या आईची कूस कोण बदलणार, हे त्यावरून कळत नाही.

रचना, रीत, परिणाम

काळजीची गुणवत्ता मोजायची कशी, हा प्रश्न दवाखान्यांच्या संदर्भात अवेदिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी 1966 मध्ये एका निबंधात सोडवायचा प्रयत्न केला. मूळचे लेबनॉनचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले हे गृहस्थ. त्यांनी गुणवत्तेचे तीन भाग पाडले. आज जगभर वृद्धांच्या घरांची जी तपासणी होते, तिच्या मुळाशी हीच विभागणी सापडते. मराठीत आपण त्यांना रचना, रीत आणि परिणाम म्हणू.

बाथरूमचंच उदाहरण घ्या. कमोडशेजारी भिंतीत घट्ट बसवलेला स्टीलचा दांडा आहे का, फरशी खडबडीत आहे का, रात्री दिवा असतो का, ही झाली रचना. पहाटे तीनला आजींना लघवीला लागली तर त्या हाक मारतात का, मारली तर कुणी येतं का, आणि आलेलं माणूस त्यांना धरून नेतं की डायपरमध्येच करायला सांगतं, ही झाली रीत. वर्षभरात आजी किती वेळा पडल्या, खुब्याचं हाड मोडलं का, चालणं टिकलं का, हा परिणाम.

रचना दिसायला सगळ्यात सोपी आणि सांगते सगळ्यात कमी. दांडा असतो, पण त्याच्यावर टॉवेल वाळत असतो. व्हीलचेअर चार असतात, त्यातल्या तिघींचे ब्रेक लागत नाहीत. परिणाम सगळ्यात महत्त्वाचा; मग तो विचारून मोकळं का होऊ नये? कारण परिणामाचे आकडे फसवतात.

समजा, एक आश्रम सांगतो, 'आमच्याकडे एकालाही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नाही.' ऐकायला छान वाटतं. पण तो आश्रम अंथरुणाला खिळलेली माणसं घेतच नसेल, आणि असलेलं माणूस खिळलं की महिन्याभरात 'आता तुम्ही घरी न्या' म्हणत असेल, तर त्याच्याकडे जखमा होणार कुठून? उलट शेजारच्या तालुक्यातला एखादा साधा, पत्र्याच्या छपराचा आश्रम, हॉस्पिटलने 'आता घरी सेवा करा' म्हणून सोडलेली माणसं घेतो. तिथं तिघांना जखमा दिसतील. त्यातल्या दोघांनी त्या हॉस्पिटलमधूनच आणल्या असतील आणि इथे त्या भरत आल्या असतील. नुसता आकडा बघितला तर पहिला आश्रम चांगला ठरतो. म्हणून विचारायचं ते असं: कशी माणसं घेता? कशी घेत नाही? इथे आल्यावर जखम झालेले किती, आणि घेऊन आलेले किती?

पडण्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 65 च्या पुढच्या माणसांपैकी 28 ते 35 टक्के दर वर्षी एकदा तरी पडतात. सत्तरीनंतर हे प्रमाण 32 ते 42 टक्क्यांवर जातं. तीस म्हाताऱ्यांच्या घरात वर्षभरात कुणीच पडलं नाही असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर पडल्याची नोंद होत नाही, किंवा कुणाला उठूच दिलं जात नाही. मला तर 'पडतात हो, हे बघा रजिस्टर' असं म्हणणारा मॅनेजर जास्त विश्वासाचा वाटतो. त्या रजिस्टरमध्ये कोण पडलं, किती वाजता, कुठे, तेव्हा तिथं कोण होतं आणि त्यानंतर काय बदललं, एवढं असलं म्हणजे झालं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर रजिस्टर नुसतं दाखवण्यापुरतं आहे.

उरते ती रीत. बाहेरून आलेल्या माणसाला थोडी तयारी केली तर ती बघता येते, आणि परिणाम बिघडण्याआधी तिथेच कळायला लागतं.

सगळ्यात लाचार माणसाची खोली

आश्रम बघायला गेलात की बागेत बसलेल्या, गप्पा मारणाऱ्या आजोबांपाशी थोडाच वेळ थांबा. त्यांना जेवण मिळालं नाही तर ते ओरडू शकतात. ज्याला कूस बदलता येत नाही, बोलता येत नाही, ज्याला भेटायला कुणी येत नाही, त्याची खोली बघायला मागा. 'तिकडे नको, तिथं वास येतो' असं उत्तर आलं तर तिकडेच जायचं असतं. अर्थात परवानगीने, आणि तिथल्या माणसाची लाज राखून.

बेडसोअर ही काळजीची सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. शरीराचा भार हाडाच्या उंचवट्यावर येतो, मधली कातडी आणि मांस दाबलं जातं, रक्त पोचत नाही, आणि ती जागा मरायला लागते. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग या नेहमीच्या जागा. त्यात लघवीचा ओलावा आला, चादरीवरून माणूस खाली घसरत राहिला, अंगात प्रथिनं कमी असली, की जखम लवकर होते. पहिल्या पायरीला कातडी फाटलेली नसते, नुसती लाल दिसते. बोटाने दाबून सोडल्यावर निरोगी कातडी आधी फिकी पडते, मग परत रंगावर येते. दाबूनही फिकी पडली नाही तर ती पहिली पायरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तिथं जागा आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक किंवा पिचपिचीत लागते का, रंग गडद झालाय का, हे हाताने बघावं लागतं. पुढे दुसऱ्या पायरीला साल निघते, तिसरीला खड्डा पडतो आणि चौथीला हाडापर्यंत जाते.

कुणाला धोका जास्त, हे आधीच ओळखायला 'ब्रेडन स्केल' नावाचं साधं कोष्टक आहे. संवेदना, ओलावा, हालचाल, कूस बदलण्याची ताकद, आहार आणि घसटणं या सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज 6 ते 23 मध्ये येते. 18 किंवा त्याहून कमी आली की धोका आहे असं धरायचं. आश्रमातल्या नर्सला याचं नाव माहीत नसलं तरी चालेल. पण 'नवीन माणूस आलं की पहिल्या दिवशी अंग तपासता का?' या प्रश्नाला ती काय म्हणते, ते ऐका.

कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची हा जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला नियम. चांगली गादी असेल तर माणसागणिक त्यात फरक करता येतो. पलंगाला कूस बदलल्याचा तक्ता लटकवलेला असतो, तो वाचा. आठ, दहा, बारा, दोन, चार अशा सगळ्या वेळा एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच तिरक्या ओळीत भरलेल्या दिसल्या तर ते काम सकाळी चहा पिताना झालंय. खऱ्या तक्त्यात खाडाखोड असते, शाई बदललेली असते, कुठे 'जेवत होत्या, म्हणून साडेबाराला' असं लिहिलेलं असतं.

इथे काही समजुतीही मोडायला हव्यात. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायला नको, हे खरं नाही. तो चालू आहे का, हवा नीट भरली आहे का, की प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावलाय, हेही बघा. बसायला देतात ती रबरी हवेची रिंग मधली जागा वाचवते पण कडेने रक्त अडवते. आता ती वापरू नये असंच सांगितलं जातं. लाल झालेल्या जागी तेल लावून जोरात चोळणं हा आपल्याकडचा लाडका उपाय, पण त्याने खालचं नाजूक मांस आणखी दुखावतं. टाचा उशीवर टेकवायच्या नसतात. उशी पोटरीखाली घेऊन टाचा अधांतरी ठेवायच्या असतात. एखाद्या मावशीने हे न सांगता केलेलं दिसलं, तर त्या आश्रमात कुणीतरी शिकवणारं आहे असं समजा.

रात्रीचं गणित

'स्टाफ किती?' या प्रश्नाला सगळीकडे भरघोस उत्तर मिळतं, कारण त्यात स्वयंपाकी, माळी, ड्रायव्हर आणि महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर धरलेले असतात. विचारायचं ते रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेबद्दल.

आपणच गणित मांडू. तीस माणसांचा आश्रम. त्यातले आठ पूर्ण अंथरुणावर. एकाची कूस बदलायची, डायपर बघायचा, ओला असेल तर बदलायचा, तोंडात दोन घोट पाणी घालायचं, याला घाई न करता दहा मिनिटं धरा. आठ जणांची एक फेरी ऐंशी मिनिटांची झाली. दर दोन तासांनी फेरी म्हणजे एकशेवीस मिनिटांतली ऐंशी गेली. उरलेल्या चाळीसात बावीस जणांच्या हाका, संडास, खोकला, 'मला घरी जायचंय' म्हणून दाराशी उभे राहिलेले आजोबा. आणि ऐंशी किलोच्या माणसाला एकटी बाई कूस बदलवू शकत नाही, दोघं लागतात. रात्री एकच मावशी असेल तर ही कामं होत नाहीत. ती कितीही चांगली असली तरी होत नाहीत.

म्हणून माणसं मोजताना राहणाऱ्यांची गरजही मोजावी लागते. आंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण या सहा गोष्टी माणूस स्वतः करतो का, हे बघायची पद्धत सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. तुमच्या आईबद्दल या सहांची उत्तरं आधी घरीच कागदावर लिहा. मग आश्रमाला विचारा की सहाही गोष्टींना मदत लागते असे तुमच्याकडे किती, आणि त्यांच्यासाठी रात्री किती हात.

मावशींशीही बोला. आजूबाजूच्या गावांतून एसटीने येणाऱ्या, बारा-बारा तासांची ड्युटी करणाऱ्या या बायका. त्यांतल्या काही स्वतःच पन्नाशी ओलांडलेल्या आणि गुडघ्यांनी हैराण. 'किती वर्षं झाली इथं?' हा एक साधा प्रश्न पुष्कळ सांगून जातो. सगळ्याच नव्या असतील तर जुन्या गेल्या कुठे आणि का? 'ह्या आज्जीस्नी गोड चालत न्हाई, पण एकादशीला रताळं मागत्यात,' असं सहज सांगणारी मावशी भेटली, तर तेवढ्या एका वाक्याला मी दर्शनी भागातल्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त गुण देतो.

ताट, पाणी आणि वजन

वजनकाटा हे वृद्धाश्रमातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित यंत्र. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप घटलं, तर ती धोक्याची खूण मानतात. पन्नास किलोच्या आजींचं एका महिन्यात अडीच किलो गेलं, तर डोळ्यांना फारसं दिसत नाही. मुलगी पुढच्या वेळी येते तेव्हा ब्लाऊज सैल झालेला असतो, तेव्हा कळतं. दर महिन्याला वजन घेऊन वहीत लिहिणारा आश्रम बाकीही बरंच काही करत असतो.

वजन घटायची कारणं स्वयंपाकात असतात तशी वाढण्यातही असतात. भाकरी चांगली असते पण कवळी नीट बसत नाही. ताट उजवीकडे ठेवलेलं असतं आणि उजवा हातच चालत नाही. अर्ध्या तासाने ताट उचलतात. तोवर तीन घास झालेले असतात आणि 'जेवण कमी आहे हो त्यांचं' अशी नोंद होते. भरवताना माणूस आडवा असेल तर घास श्वासनलिकेत जायची भीती. भरवायचं ते बसवून, घाई न करता. एक वेळ तिथे जेवणाच्या पंगतीलाच जाऊन बसा.

वेळाही विचारा. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी यांत चौदा तासांपेक्षा जास्त अंतर असू नये, असं अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या नियमांत आहे. आपल्याकडे स्वयंपाकीण बाईंना शेवटची बस गाठायची असते म्हणून संध्याकाळी सहाला जेवण उरकतं आणि सकाळी साडेआठला पोहे येतात. मध्ये साडेचौदा तास. त्यात मधुमेहाचं औषध घेणारी माणसं असतात.

पाण्याचं तर विचारूच नका. संध्याकाळनंतर पाणी कमी दिलं की रात्री डायपर कमी लागतात, हा हिशेब उघड कुणी बोलत नाही. म्हाताऱ्या माणसाला तहान तशीही कमी लागते. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात जीभ कोरडी पडते, लघवी गडद होते, आणि मग एके दिवशी आजी कुणाला ओळखेनाशा होतात, भलतंसलतं बोलतात. घरचे म्हणतात, वय झालं. पुष्कळदा ते पाणी कमी पडल्याचं किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाल्याचं लक्षण असतं आणि उपचारांनी उतरतं. पलंगाशेजारचा तांब्या हात पोचेल इतक्या जवळ आहे का, हे बघायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

फार शांतता असेल तर

दुपारी चार वाजता सगळे गाढ झोपलेले, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटणारे, असा हॉल दिसला तर 'किती शांत वातावरण' म्हणू नका. औषधांचा डबा बघायला मागा. विसरभोळेपणाच्या आजारात, म्हणजे डिमेन्शियात, माणूस ओरडतो, फिरत राहतो, संशय घेतो. त्याला गप्प करायला मानसिक आजारांवरची औषधं दिली जातात. यांतल्या नव्या पिढीच्या औषधांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला. वृद्धांना कोणती औषधं जपून द्यावीत याची 'बिअर्स यादी' 1991 मध्ये आली, ती आधी नर्सिंग होममधल्या माणसांसाठीच केलेली होती. कधी कधी ही औषधं लागतातही. पण कुणी लिहून दिली, कशासाठी, किती दिवसांसाठी आणि परत कधी तपासणार, याचं उत्तर फाइलमध्ये असायला हवं. 'रात्री त्रास देतात म्हणून अर्धी गोळी' हे उत्तर पुरेसं नाही.

बांधून ठेवण्याचंही तसंच. ओढणीने हात पलंगाला, चादरीने कंबर खुर्चीला. 'पडू नयेत म्हणून.' बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतो, स्नायू गळतात, जखमा होतात. मनगटावर वळ दिसले तर कारण विचारा, लगेच विचारा.

राहणाऱ्यांना 'कसं आहे इथं?' असं विचारून काही हाती लागत नाही. 'बरं हाय की,' एवढंच ऐकायला येतं, कारण मॅनेजर शेजारी उभे असतात आणि आजोबांना आज रात्रीही तिथेच झोपायचं असतं. त्यापेक्षा घडलेलं विचारा. काल रात्री काय जेवलात? आंघोळ कोण घालतं, बाई की पुरुष? पहाटे उठलात तर चहा मिळतो का, की सगळ्यांबरोबरच? शेवटचं अंगणात कधी आलात? स्वतःचे पैसे, स्वतःचा फोन जवळ आहे का? आणि ऐकता ऐकता बघा की मावशी खोलीत येताना दारावर टकटक करते का, कपडे बदलताना पडदा ओढते का, 'ए म्हातारे' म्हणते की 'आक्का' म्हणते.

सांगलीचा म्हणून एक प्रश्न

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. 2005 आणि 2021 चा महापूरही इथल्या लोकांना वेगळा सांगावा लागत नाही. तरी आश्रम बघताना हा प्रश्न कुणी विचारत नाही: 2019 ला इथं पाणी कुठवर आलं होतं?

लिफ्ट नसते म्हणून अंथरुणावरची माणसं बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर ठेवतात. म्हणजे पाणी पहिल्यांदा पोचणार ते ज्यांना हलता येत नाही त्यांच्यापाशी. पाणी किती फुटांवर गेलं की हलवायला सुरुवात करायची, कुठे न्यायचं, गाडी कुणाची, उचलणार कोण, औषधांच्या चिठ्ठ्या आणि नातेवाइकांचे नंबर प्लॅस्टिकच्या पिशवीत तयार आहेत का, आणि एअर बेड विजेवर चालतो तर वीज गेल्यावर काय, याची उत्तरं लिहून ठेवलेला आश्रम हवा. नदीपासून लांब असेल तर हा भाग सोडून द्या.

दवाखान्याच्या बाबतीत आपण नशीबवान. 1894 पासून, मिशन हॉस्पिटलच्या काळापासून, मिरज हे औषधपाण्याचं गाव आहे. पण दवाखाना जवळ असून भागत नाही. रात्री दोनला छातीत दुखलं तर गाडी कोण बोलावणार, सोबत कोण जाणार, तुम्ही पुण्याहून पोचेपर्यंत सही कोण करणार, हे करारात असावं. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ते कार्ड काढलंय का, आणि काढलं असेल तर आश्रमाच्या फाइलमध्ये आहे का, हेही बघा. डिपॉझिट परत कधी आणि किती मिळणार, माणूस अंथरुणाला खिळलं तर ठेवणार का, मृत्यू झाला तर काय, हे तोंडी ठरवू नका.

आणि काही बिघडलंच तर? आधी मॅनेजर, मग विश्वस्त, तेही लेखी. ज्येष्ठांसाठी 14567 हा देशभरचा मोफत क्रमांक आहे. वाईट वागणुकीची तक्रार तिथे करता येते आणि सल्लाही मिळतो. जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय आहे. मारहाण, कोंडून ठेवणं, पैसे काढून घेणं यासाठी सरळ पोलीस ठाणं.

जागा ठरली, की दाखल करायच्या दिवशी घाईत सामान ठेवून निघू नका. आश्रमातल्या नर्ससोबत आईचं वजन करा आणि लिहा. माकडहाड, टाचा, खुबे दोघांनी मिळून बघा. काही असेल तर आईला विचारून तेवढ्याच जागेचा फोटो काढा, त्यावर तारीख घाला. कॅट्झच्या सहा गोष्टींतल्या ती आज किती स्वतः करते ते लिहा. चालू औषधांची यादी डोससकट द्या आणि सगळ्या कागदाच्या दोन प्रती करून दोन्हीवर दोघांच्या सह्या घ्या. तीन महिन्यांनी जखम दिसली, तर ती इथली की आधीची, यावरून भांडण होणार नाही. चांगला आश्रम या कागदाला कधीच नाही म्हणत नाही, कारण तो त्याच्याही उपयोगाचा असतो. पुढचं वजन कधी घेणार, ती तारीख त्याच कागदाच्या खाली घालून ठेवा, आणि त्या दिवशी फोन न करता जा.